क्लीनरला का नाही झालं?

आमच्या जंतू तपासायच्या लॅबमध्ये रक्ताचा नमुना आला. सोबतच्या फॉर्मवर फक्त 'पायाला सेल्युलायटिस (त्वचेखालचा संसर्ग), ताप'. आमचे रेसिडेंट फॉर्म असेच भरतात, जंतूने स्वतः येऊन नाव सांगावं अशा थाटात. रक्तातला जंतू वाढवला, तर मॅकॉन्की या माध्यमावर गुलाबी कॉलनी (जंतूंचे ठिपके), ग्रॅमच्या रंगाने मायक्रोस्कोपखाली किंचित वाकड्या काड्या, ऑक्सिडेज चाचणी लगेच जांभळी. जंतू ओळखणारं मशीन म्हणालं एरोमोनास. सांगलीत नदीच्या पाण्यातला जंतू म्हटल्यावर सगळ्यांना पटलंही. मशीनने छापून दिलं की डोकी बंद.

मला त्या वाकड्या काड्या पटेनात. तसा आकार व्हिब्रिओचा, म्हणजे कॉलऱ्याच्या जातकुळीतल्या जंतूंचा, आणि त्यातले बरेच समुद्रातले. वॉर्डात फोन केला, "मासळीचा काही संबंध आहे का, विचारा." निघालं ते असं, रत्नागिरीहून मासळी आणणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर. पाय काट्याने फाटलेला, त्यात दारूने लिव्हर गेलेलं. सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकला डॉक्सीसायक्लिनची जोड तिथल्या तिथे दिली. संध्याकाळपर्यंत पायावर जांभळे फोड आले आणि सर्जननी सडलेलं मांस काढलं.

इकडे मी जंतूला मीठ लागतं का ते पाहिलं. बिनमिठाच्या ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) काही नाही, ६ टक्के मिठात नळी गढूळ, म्हणजे जंतू वाढला. एरोमोनासचं बरोबर उलटं असतं. २०१९ च्या पुरानंतर कॉलऱ्याच्या धास्तीने आम्ही टीसीबीएस हे व्हिब्रिओ वाढवायचं माध्यम हाताशी ठेवतो. ते ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाच्या वाफेत तापवायचं) नसतं, नुसतं उकळायचं. नवीन पोरं हमखास वाट लावतात. त्यावर हिरव्या कॉलनी. कॉलऱ्याच्या पिवळ्या असतात. म्हणजे व्हिब्रिओ व्हल्निफिकस, समुद्रातला जंतू, आणि तोही घाटमाथ्याच्या अलीकडे!

माणूस वाचला. डोक्यात राहिला तो त्याचा क्लीनर.
"माझाबी पाय चिरला हुता की मॅडम, त्याच पाण्यात. मला काय बी झालं न्हाई."

जंतू तोच धरला, तर फरक रक्तातल्या लोहाचा. लिव्हर खराब झालं की लोह मोकळं सापडतं आणि हा त्यावर फोफावतो. पण त्या पाण्यात या जंतूचा एकच वाण (उपप्रकार) होता कशावरून? याच्या व्हीसीजी जनुकाचे दोन प्रकार आहेत: 'सी' बहुतेक रुग्णांत, 'ई' बहुतेक समुद्रात आणि कालवांत. बहुतेकच, कारण 'ई'नेही माणसं दगावली आहेत. आमच्याकडे जनुक तपासायचं पीसीआर मशीन आहे, पण त्यासाठी लागणारे प्रायमर (त्या जनुकाला जुळणारे डीएनएचे तुकडे) नाहीत. "एका केससाठी कशाला?" असं उत्तर मिळालं. वाण ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवून दिलाय.

क्लीनरला म्हटलं, निदान गमबूट तरी घाल.
"बर्फाच्या पाण्यात घसरतंय ओ त्यानं."