पाझर तलाव ते तीर्थन: रानट्राउटमागे आठ दिवस

मरळीचा हात ट्राउटला चालत नाही. मराठवाड्यातून हिमाचलात गळ घेऊन निघणाऱ्याने एवढं आधी गाठीला बांधावं. आपलं पाणी उभं आणि गढूळ. आमिष टाकायचं, बांधावर बसायचं, दोरी ताणली की दणकून हिसका द्यायचा. हिमाचलातल्या तीर्थन नदीचं पाणी काचेसारखं आणि धावतं. तिथे मासा एखाद्या दगडामागे ठाण मांडून असतो आणि खाणं त्याच्याकडे वाहत येतं. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, त्याच चालीने वाहत आली तरच तो तोंड उघडतो. खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक या एका फरकातूनच निघालंय.

फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. घरापासून घरापर्यंत आठ दिवस, त्यातले तीनच पाण्यावर. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण ब्राऊन ट्राउट थंडीच्या तोंडाला वाळू-गोट्यांत अंडी घालतो. राहतात दोन हंगाम: मार्च ते मेचा मध्य, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शाळेच्या सुट्ट्या बघून मेच्या शेवटी जाण्याचा मोह होतो. आपल्याकडे तेव्हा नदीत वाळूच वाळू असते, तिकडे मात्र बर्फ वितळून नदी फुगलेली असते. जुलै-ऑगस्ट तर सोडूनच द्या.

निघण्याआधी: तलाव आणि चारी

सराव घरीच करून जा, तिथे शिकण्यात दोन दिवस वाया जातात. रॉड साडेआठ ते नऊ फुटी, ४ किंवा ५ वजनाचा (हा लाईनच्या वजनाचा क्रमांक), चार तुकड्यांचा. लाईन तरंगणारी, वेट-फॉरवर्ड (पुढचा भाग जड असलेली). पुढे नऊ फुटी लीडर (टोकाकडे निमुळता होत जाणारा बारीक दोरा), टोकाला ५एक्स, म्हणजे साधारण ०.१५ मिमी जाड.

पाझर तलावावर रोल कास्ट, म्हणजे लाईन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे टाकणं, घोटून घ्या. तीर्थनच्या काठाला झाडी एवढी दाट आहे की मागे लाईन फेकायला जागाच नसते. रोल कास्टला लाईन पाण्याला चिकटलेली लागते. कोरड्या गवतावर हा सराव होत नाही, वर लाईनचं आवरण खरवडतं ते वेगळंच. फ्लायचा गळ वाकाजवळ पक्कडीने तोडून टाका, म्हणजे कान-डोळे सुरक्षित. सहा ते आठ मीटरवर, ताटाएवढ्या जागेत फ्लाय पडायला लागली की पुरे. लांब फेकण्याची हौस तलावावरच फेडून घ्यावी.

दुसरा सराव वाहत्या पाण्याचा, आणि तो बहुतेक जण टाळतात. मार्चला निघणार असाल तर कालव्याला रब्बीची पाळी सुटली की शेतातली एखादी चारी गाठा, गुडघाभर पाण्याची. मुख्य कालव्यात उतरू नका. अस्तरीकरणाच्या उतारावर शेवाळ असतं आणि पाय घसरला तर वर येता येत नाही. ऑक्टोबरला जाणार असाल तर सप्टेंबरातला गावओढा चालेल. चारीच्या मधली धार जोरात असते, पलीकडच्या कडेचं पाणी संथ. फ्लाय पलीकडच्या संथ पाण्यात टाका आणि तिच्या शेजारीच सोयाबीनचं वाळलं पान सोडायला सोबत्याला सांगा. दोघं बरोबरीने दोन मीटर वाहिली पाहिजेत. पहिल्या खेपेला तसं होत नाही: मधली धार लाईनचं पोट ओढून नेते आणि फ्लाय पानाला मागे टाकून पाण्यावर रेघ ओढत पळते. हीच ती ड्रॅग. लाईन पडल्या पडल्या रॉडचं टोक उचलून लाईनचं पोट धारेच्या वरच्या अंगाला अलगद ठेवा. याला मेंडिंग म्हणतात. पंचवीस-तीस वेळा करा. पान आणि फ्लाय जोडीने जायला लागली की तिकीट काढायला हरकत नाही.

रॉडला नळी हवी. विकतची महाग पडते. ठिबकच्या दुकानात ६३ मिमीचा पीव्हीसी पाईप मिळतो. ७५ सेंटिमीटर कापून घ्या, दोन्हीकडे एंड कॅप, आत स्पंज. एक कॅप चिकटवायची, दुसरी नुसती दाबून बसवायची. बर्थखाली ट्रंकांच्या मारात रॉड शाबूत राहतो.

वाट

नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस, १२७१५. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, कुठूनही चढता येतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी अंबाला छावणीला उतरा. तिथून चंदीगड जवळ आहे. सेक्टर ४३ च्या बसस्थानकावरून रात्रीची कुल्लू-मनाली बस धरा आणि कंडक्टरला औटला उतरवायला दोनदा सांगा. बंजारचा फाटा औटच्या बोगद्याच्या अलीकडे आहे. झोप लागली तर बोगदा ओलांडून थेट भुंतरकडे पोचाल. औटहून बंजार, बंजारहून गुशैणी, दोन्हीकडे स्थानिक बस आहेत.

गुशैणी सुमारे १,६०० मीटरवर. तीर्थन आणि फलाचन इथेच मिळतात. धावपळ करून त्याच दिवशी वर चढू नका, कागदांतच दुपार जाते. मासेमारीचा परवाना मत्स्य विभागाचा आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश परवानगी वनखात्याची (साई रोपा इथे कार्यालय आहे). एकावर दुसरं भागत नाही. ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा. परवान्यावर पट्टा, तारीख, माशांची संख्या आणि किमान लांबी असते, ती तिथल्या तिथे वाचून घ्या. हे उद्यान २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या हद्दीत पाय टाकला की रॉड नळीतच. मासे धरायचे ते हद्दीखालच्या परवानगीच्या पट्ट्यात.

मुक्काम

गुशैणीहून मुक्कामाची जागा, रोल्ला, आठ-नऊ किलोमीटर, नदी सोबतीला. उंची २,१०० मीटरच्या आसपास, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्रास थंडीचा होतो. ऑक्टोबरात रात्री पारा पाच अंशांच्या खाली जातो. शून्य अंशाला उबदार राहील अशी स्लीपिंग बॅग आणि खाली जाड मॅट. मॅट नसेल तर बॅग कितीही भारी असो, पाठ गारठतेच.

तंबूची जागा बघताना पाण्याकडे न बघता काठाच्या झुडपांकडे बघा. बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा, काटक्या, वाळलेला गाळ जिथपर्यंत दिसतो तिथपर्यंत नदी येऊन गेलेली असते. तंबू त्याच्याही वर, पाण्यापासून साठेक पावलं दूर. शौचाचा खड्डाही तेवढाच लांब, वीतभर खोल. खाण्याच्या वस्तू तंबूत ठेवू नका, काळं अस्वल या खोऱ्यात आहे. वाटेकडेच्या बिच्छू घासाला हात लागला तर खाजकुयलीची आठवण येईल. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

रेल्वेत गॅसची भरलेली टाकी किंवा रॉकेल नेता येत नाही. स्टोव्ह न्या, गॅस कुल्लूकडे घ्या किंवा वाटाड्याकडून सोय करा. लाकूडतोड करून चूल पेटवायची नाही. २,१०० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ काही केल्या शिजत नाही. इथे येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) कामाला येतं. माणशी दोन मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून घ्यायचं, उकळत्या दीड कप पाण्यात सोडायचं, तेल-मीठ टाकलं की पाच मिनिटांत आमटी. त्यात कुस्करायला कडक भाकरी. धपाटे प्रवासातच संपवा, तिसऱ्या दिवशी त्यांना वास येतो. शेंगदाण्याची चटणी मात्र पाव किलो जास्तीची न्या; वाटाडेही मागून घेतात.

पाण्यावर

तलावावर झुंजुमुंजूला गळ टाकायची सवय ऑक्टोबरात इथे कुचकामी. घळीत ऊन उशिरा येतं. सकाळी सातला थर्मामीटर ८ अंश दाखवत होतं आणि खळाळावर एकही मासा वर येत नव्हता. अकरानंतर पाणी १० च्या वर गेलं आणि चित्र पालटलं. ब्राऊन ट्राउट साधारण १० ते १६ अंशांत भरपूर खातो. एप्रिल-मेमध्ये उलटं: दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं, गढुळतं, म्हणून सकाळ साधायची, आणि नदी ओलांडून पलीकडे गेला असाल तर दुपारआधी परत यायचं.

पाण्याकडे खालच्या अंगाने या. मासा धारेकडे तोंड करून असतो, त्याची पाठ तुमच्याकडे राहते. वाकून चला, गोटे वाजवू नका, भडक शर्ट घालू नका. आधी काठालगतच्या पाण्यात टाका, मग मधे. नवखे थेट मधल्या डोहात फेकतात, आणि पायाशी असलेला मासा पळताना बाकीच्यांनाही उठवतो.

मासा कुठे असेल? जोराची धार आणि संथ पाणी जिथे घासून जातात त्या शिवेवर. मोठ्या दगडामागचं संथ पाणी सगळ्यांना दिसतं, पण दगडाच्या पुढेही, धार आपटून जिथे उशी होते तिथे, मासा असतो. ती जागा बहुतेक जण तुडवून जातात. फेसाचे बुडबुडे बघा, ते ज्या वाटेने जातात त्याच वाटेने खाणं जातं. फ्लायची चाल शेजारच्या बुडबुड्याशी ताडून पाहायची, चारीतल्या पानासारखी.

फ्लायची पेटी भरगच्च नको. नावांपुढचे आकडे गळाच्या मापाचे. वर तरंगणाऱ्या: ॲडम्स १४ आणि १६, एल्क हेअर कॅडिस १४. बुडणाऱ्या: फेझंट टेल आणि हेअर्स इअर १४, टंगस्टन मण्याच्या. गढूळ पाण्यासाठी वुली बगर ८. प्रत्येकी चार-पाच, कारण झाडं आपला वाटा घेतातच. सर्वांत उपयोगी पडली जोडी: वर कॅडिस, तिच्या गळाच्या वाकाला क्लिंच गाठीने ५० सेंटिमीटर टिपेट (टोकाचा बारीक दोरा), टोकाला फेझंट टेल. कॅडिस थबकली किंवा बुडाली की रॉड उचला. उचला म्हणजे मनगटाने वर घ्या, बस. मरळीचा हिसका दिलात तर ५एक्स तिथेच तुटतं.

तुटलं तर टोक नीट बघा. ते डुकराच्या शेपटासारखं वेटोळं झालं असेल तर गाठ घसरली: थुंकी लावून ओली न करता आवळली, किंवा पाचाऐवजी तीनच वेढे दिले. सरळ तुटलं असेल तर ओढ जास्त झाली. टोकाआधीचा बोटभर भाग खरखरीत लागला तर दगडावर घासलंय; तेवढा तुकडा कापून नव्याने बांधा. लीडरमध्ये आपोआप पडलेल्या बारीक गाठी दर अर्ध्या तासाने चिमटीतून ओढून तपासा. त्या गाठीवर दोऱ्याची ताकद निम्म्यावर येते, आणि मोठा मासा नेमका तेव्हाच लागतो.

पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं कारण नाही. काठी वरच्या अंगाला टेकवून, पाय न उचलता सरकवत चला. पाठीवर बॅग असेल तर कमरेचा पट्टा सोडून ठेवा. दहा मिनिटांत पाय बधिर होतात आणि बधिर पायाला शेवाळलेला गोटा कळत नाही. तीर्थनवर धरण नाही, पण खाली लारजीला आणि ब्यासवर हा भरवसा नाही. जून २०१४ मध्ये थलौटजवळ धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे विद्यार्थी वाहून गेले होते. औटच्या आसपास फोटोसाठीसुद्धा पात्रात उतरू नका.

लागतं ते बहुधा वीतभर ते फूटभर. ब्राऊन ट्राउट ओळखायला अंगावरचे लाल ठिपके, भोवती फिकट कडं. हा मासा मूळचा इथला नाही, १९०९ च्या सुमारास इंग्रजांनी कुल्लूत आणून सोडला आणि पुढे स्वतःच वाढला. तोंड खालच्या बाजूला आणि खवले अगदी बारीक असतील तर तो असेला, इथला मूळ रहिवासी. त्याला लगेच सोडा. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवा, हात ओले करा, मासा पाण्याबाहेर तुम्हाला श्वास रोखता येईल तेवढाच वेळ. दमलेला असेल तर तोंड धारेकडे करून स्वतःहून शेपटी मारेपर्यंत हलक्या हाताने धरा. खायची हौस खोऱ्यातल्या मत्स्यशेतीच्या ट्राउटवर भागवता येते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उथळ पाण्यात चकचकीत, स्वच्छ झालेला गोट्यांचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, ती अंडी घालायची जागा असते.

परतताना

१२७१६ अंबाल्याला सकाळी येते, म्हणून आदल्या संध्याकाळीच औटहून चंदीगडची बस धरावी लागते. त्या दिवशी रॉड नळीत घालायचा तो दुपारी दोनच्या आत. दसऱ्याच्या सुमारास हुजूर साहिबला निघालेल्या भाविकांनी ही गाडी भरलेली असते; आरक्षण ६० दिवस आधी खुलतं त्याच सकाळी परतीचं तिकीट आधी काढा, जाण्याचं नंतर मिळतं. बूट आणि मोजे गुशैणीतच घासून धुवा, रॉड नळीत घालण्याआधी पुसून घ्या. घरी आल्यावर लाईन रीळावरून काढून कोमट साबणपाण्यात बुडवा आणि सावलीत सैल वेटोळी करून टांगा. पत्र्याखाली नको, आपल्या उन्हात तिचं आवरण महिन्याभरात तडकतं.