नोंद तरी करा

आज दुपारपासून न्या. हंसराज खन्ना आठवताहेत. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्यांना कोर्टात दाद मागता येईल का, हा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी 'येईल' म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत खन्नांनी विचारलं, मग जगण्याच्या हक्काचं काय? जीव बेकायदा घेतला तरी न्यायालय हतबल आहे, असं उत्तर सरकारी बाजूने आलं. वाचताना आजही अंगावर काटा येतो. २८ एप्रिल १९७६ला चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले. विरोधात एकटे खन्ना. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलून कनिष्ठाला नेमलं, त्यांनी राजीनामा दिला.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल रद्द ठरवला. चौघांपैकी एक होते न्या. यशवंतराव चंद्रचूड. वडिलांचा निकाल चूक ठरवणारं निकालपत्र लिहिलं न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. मला हे फार मोठं वाटतं.

हे सगळं आठवलं ते आमच्या सोसायटीच्या सभेमुळे. घरकामाच्या मावशींनी लिफ्ट वापरायची नाही, असा ठराव होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्याच उठल्या. "माझ्याकडच्या मावशींचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत," म्हणाल्या. सेक्रेटरी म्हणाले, "बहुमताने मंजूर. पुढचा विषय." काकूंचं नाव, त्यांचं म्हणणं, काहीच लिहून घेतलं नाही. मी तिथेच उभी राहिले आणि काकूंचा विरोध, सोबत माझाही, इतिवृत्तात लिहायला लावला. ठराव पुन्हा मांडण्यासाठी सह्या गोळा करतेय. आमच्या बिल्डिंगमधले कुणी वाचत असाल तर मेसेज करा.