तिसरा महिना म्हणजे मे

तारखेचा शिक्का रोज सकाळी बदलणं, हे पोस्टातलं माझं तेहतीस वर्षांचं काम. त्यामुळे कुणाचंही जुनं पत्र समोर आलं की मजकुराआधी नजर तारखेकडे जाते. बॅलिटोरच्या शॅकल्टन घराण्याने मला नेमकं तिथेच फसवलं.

बॅलिटोर हे आयर्लंडमधल्या किल्डेअरचं छोटं गाव, डब्लिनहून गाडीने तासाभरावर. लेक डब्लिनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा एका शनिवारी आम्ही जाऊन आलो. ग्रीस नावाची नदी आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं जुनं सभागृह, बघायला एवढंच. या लोकांना पुरोहित नाही, मूर्ती नाही. एकत्र जमायचं, गप्प बसायचं, आतून कुणाला वाटलं तर उठून बोलायचं. बायकांनीसुद्धा, आणि हे अठराव्या शतकात! यॉर्कशरहून आलेल्या अब्राहम शॅकल्टन यांनी 1726 मध्ये इथे शाळा काढली. पुढे ब्रिटिश संसदेत वॉरन हेस्टिंग्जच्या मागे हात धुऊन लागलेला एडमंड बर्क याच शाळेतला. मास्तरांचा मुलगा रिचर्ड त्याचा जिवलग.

घरी आल्यावर रात्री त्या घराण्याची पत्रं वाचत बसले. छापील तर वाचलीच, पण हस्ताक्षराचे फोटो जास्त. वारांना आणि महिन्यांना परक्या देवांची नावं, म्हणून क्वेकर ती लिहीत नसत. नुसते आकडे घालत. 'तिसरा महिना' दिसला की मी मार्च धरून चालले होते. लेकीने थांबवलं. 1752 च्या आधी तिकडे वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणजे तिसरा महिना मे! आपलं चैत्रापासून मोजणं आठवलं आणि मी मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

अक्षरही तसंच. शब्दाच्या मधला 'एस' लांबुडका, थेट 'एफ'सारखा. एका ओळीत 'हॅपिनेफ्स' काय आहे म्हणून मी चष्मा दोनदा पुसला. ते 'हॅपिनेस' होतं.

मायन्याचं तर विचारू नका. क्वेकर खुशामतीचे शब्द वापरत नसत, राजालाही 'तू' म्हणत. तीर्थरूप आणि साष्टांग नमस्कारात वाढलेल्या मला ते आधी उद्धट वाटलं, नंतर मोकळं वाटलं.

1744 मध्ये बर्क डब्लिनच्या कॉलेजात गेला आणि तिथून रिचर्डला लिहू लागला. पंधराएक वर्षांचं पोर. बर्क अँग्लिकन, आई कॅथलिक, मित्र क्वेकर. तो लिहितो की माझ्यासारखं न मानणाऱ्याला मुक्ती नाही असं मी म्हणणार नाही, पण माणसांत इतके पंथ आहेत याचं वाईट वाटतं. ही मैत्री रिचर्ड 1792 मध्ये जाईपर्यंत टिकली, पुढे त्याच्या मुलीपर्यंत पोचली. बर्क 1797 च्या जुलैत वारला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आजारपणातूनही त्याने तिच्या पत्राला उत्तर पाठवलं होतं.

ही मुलगी म्हणजे मेरी लीडबीटर. तिने लहानपणापासून रोजनिशी ठेवली, इंग्रजांविरुद्धच्या 1798 च्या बंडात गावात काय झालं ते लिहिलं, आणि गावचं पोस्टही सांभाळलं. हे कळलं तेव्हा मला आमच्याच खात्यातली कुणी भेटल्यासारखं झालं. तेव्हा टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानेच द्यायचे, म्हणजे आमच्या भाषेत सगळं बेरंग टपाल. दारात उभं राहून पैसे मागायचं काम किती नकोसं असतं, ते मला विचारा.

पण माझं मन अडकलं ते तिच्या भावात. तोही अब्राहम, आजोबांचं नाव. बायबलच्या जुन्या करारातल्या लढाया देवाच्या आज्ञेने झाल्या, हे त्याला पटेना. शस्त्र न धरणाऱ्यांच्या पंथात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच होतं. शेवटी 1801 मध्ये पंथाने त्याला बाहेर काढलं. मेरी आतच राहिली. नातं मात्र तुटलं नाही.

आमच्याकडे बाबांच्या श्राद्धावरून दादा आणि मी सहा वर्षं बोलत नाही. मी म्हटलं होतं, पिंडाचे पैसे शाळेला देऊ. त्याने फोन ठेवला तो ठेवलाच.

परत आल्यावर पोस्टात जाऊन एक आंतरदेशीय घेतलं. काउंटरवरच्या मुलीने शोधून काढून दिलं, वर विचारलं, "मॅडम, अजून लिहितं कोण हे?" वर 'ती. दादास' लिहिलंय. तारीखही घातलीय.