मेनूतलं बटण ओळखायचं कशावरून?

सर्व्हरकडून आलेल्या यादीवरून अँड्रॉइडमध्ये मेनू उभा करायचा, म्हणजे लूप फिरवायचा आणि बटणं टाकत जायची, एवढंच काम वाटतं. बटणं पडद्यावर येतातही लगेच. घोळ होतो तो यादी बदलल्यावर.

समजा यादीत ‘बिल भरा’, ‘पावत्या’, ‘तक्रार’ अशी तीन बटणं आहेत आणि क्लिकमध्ये पोझिशन (यादीतला क्रमांक) बघून स्क्रीन उघडतोय: 0 ला बिल, 1 ला पावत्या. सर्व्हरने सगळ्यात वर ‘सूचना’ घातली की ‘बिल भरा’ 1 वर जातं आणि ते दाबणाऱ्यासमोर पावत्या उघडतात. क्रॅश नाही, लॉगमध्ये काही नाही, म्हणून ही चूक लवकर सापडतच नाही. प्रत्येक नोंदीला स्वतःचा कोड द्या. शीर्षक, भाषा, क्रम काहीही बदललं तरी तो बदलायचा नाही. कोणत्या कोडला कोणता स्क्रीन, हा तक्ता अ‍ॅपमध्ये ठेवा. तक्त्यात नसलेला कोड आला तर ती नोंद सरळ गाळा, कारण जुनी आवृत्ती लोकांच्या फोनवर कितीतरी महिने राहते आणि दाबून काहीच न होणारं बटण नसलेलंच बरं.

आयकॉनही याच तक्त्यात बसवा. सर्व्हरने पाठवलेल्या नावावरून गेटआयडेंटिफायर वापरून तो शोधला, तर रिसोर्स श्रिंकिंगला (रिलीज बांधताना न वापरलेल्या फाइली काढणाऱ्या पायरीला) तो वापरात आहे हे कळेलच असं नाही. मग डीबगमध्ये दिसणारा आयकॉन रिलीजमध्ये गायब!

चार-पाच बटणांना लिनिअरलेआउट (बटणं एका रांगेत लावणारा साचा) पुरतो, पण लेआउटपॅराम्समधले (रुंदी-उंची देतो तिथले) आकडे पिक्सेलमध्ये असतात, डीपीमध्ये (पडद्याच्या घनतेवर न अवलंबणाऱ्या मापात) नाही. उंची 48 लिहिली तर 3 घनतेच्या फोनवर बटण फक्त 16 डीपीचं होतं. तिथे 144 हवेत, म्हणून डेन्सिटीने गुणा. त्यातही हे 48 डीपी किमान उंची म्हणून द्या आणि उंची रॅपकंटेंट (मजकुराला लागेल तेवढी) ठेवा. फोनवर अक्षर मोठं केलेलं असलं की ठरावीक उंचीत ‘ज्येष्ठ नागरिक सवलत’ दोन ओळींवर जातं आणि दुसरी ओळ कापली जाते.

बटणं जास्त असतील तर रिसायकलरव्ह्यू (ओळी पुन्हा वापरून लांब यादी दाखवणारा घटक) घ्या. जुन्या-नव्या यादीतला फरक काढणाऱ्या डिफयुटिलच्या एरआयटम्सदसेममध्ये फक्त कोड ताडा, एरकंटेंट्सदसेममध्ये अख्खी नोंद. बाइंड करतानाची (नोंद ओळीत भरतानाची) पोझिशन क्लिकसाठी जपून ठेवू नका, ती शिळी होते. क्लिकच्या क्षणी बाइंडिंगअ‍ॅडाप्टरपोझिशन विचारा, -1 (म्हणजे आता यादीत जागाच नाही) आलं तर काही करू नका.

टूलबारच्या मेनूत ऑनप्रिपेअरऑप्शन्समेनूमध्ये (मेनू दाखवण्याआधी दर वेळी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) नुसतं अ‍ॅड करत गेलात, तर तीन ठिपके उघडावेत तितक्या वेळा तीच बटणं पुन्हा येतात. सर्व्हरच्या बटणांना वेगळा ग्रुप आयडी द्या आणि भरण्याआधी रिमूव्हग्रुप करा. क्लिअर केलंत तर कायमची बटणंही जातील.

खालच्या पट्टीत चूक सगळ्यात महाग पडते. बॉटमनॅव्हिगेशनव्ह्यू ठरावीक मर्यादेपलीकडे बटण घालू देत नाही, एक्सेप्शन (हाताळली नाही तर अ‍ॅप बंद पाडणारी चूक) फेकतो. शिवाय यादी फोनवर साठवलेली असेल तर अ‍ॅप उघडताक्षणी पडतं, पुन्हा उघडलं तरी पडतं, आणि नवी यादी आणण्याइतका वेळही त्याला मिळत नाही. म्हणून गेटमॅक्सआयटमकाउंट विचारून यादी आधीच कापा, उरलेली बटणं ‘आणखी’मध्ये ढकला. आणि अ‍ॅपसोबत एक मूळ यादी द्या, साठवलेली वाचता आली नाही तर तीच लावायची.