थेम्सकाठचे होल्स्ट मास्तर

आपल्याकडे बँड म्हटलं की वरात, नाहीतर प्रजासत्ताक दिनाची परेड. लंडनला आल्यावर लेकीच्या शाळेत खुर्च्यांवर बसून, समोर नोटेशन ठेवून वाजवणारा बँड पहिल्यांदा ऐकला. व्हायोलिन एकही नाही. सगळी फुंकून वाजवायची वाद्यं आणि सोबत ढोलताशे. लेक क्लॅरिनेट वाजवते. सध्या तालीम चालली आहे इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या १९०९ सालच्या 'फर्स्ट सूट'ची; सूट म्हणजे छोट्या रचनांची माळ.

सुरुवातीला फक्त ट्युबा आणि युफोनियम, ही खालच्या सुरातली मोठी पितळी वाद्यं. तीन-तीन मात्रांचे आठ बार, म्हणजे खंड, संथ, खर्जातले. मग हेच आवर्तन एकेका वाद्याच्या हाती जातं. मध्येच ते उलटं होतं, चढणारा सूर उतरू लागतो, आणि शेवटी अख्खा बँड ते उचलून धरतो. आपली वेळ येईपर्यंत लेक क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडाशी लावायची पातळ पट्टी, तोंडात भिजवत, पेरांवर मात्रा मोजत बसलेली असते. त्या काळी लष्करी बँड बहुतेक ऑपेरा-ऑर्केस्ट्राचंच संगीत उसनं घेऊन वाजवत. हे मात्र खास बँडसाठी लिहिलेलं.

होल्स्ट पेशाने मास्तर. आधी ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलं. मग १९०५ पासून १९३४ मध्ये निधन होईपर्यंत लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत शिकवलं. उजवा हात इतका दुखे की लेखणी धरवत नसे; सहकारी शिक्षिका स्वरलिपी उतरवून देत. स्वतःच्या रचना सुट्टीच्या दिवशी. शाळेतल्या मुलींसाठी 'सेंट पॉल्स सूट' लिहिला, पण शिकाऊ हात आहेत म्हणून संगीत पातळ केलं नाही. मला त्यांचं हेच फार मोठं वाटतं.

आणि ऋग्वेदातली सूक्तं स्वतः भाषांतरित करता यावीत म्हणून हा माणूस संस्कृत शिकला! १९०८ मध्ये त्यांनी 'सावित्री' हा छोटासा ऑपेरा लिहिला. साथीला काहीही नसताना मृत्यूचा आवाज येतो, सावित्रीला हाक मारत. वटपौर्णिमेला आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मृत्यू? यम नाही म्हणत?"

बार्न्सला थेम्सकाठी ते राहत त्या घरावर निळी पाटी आहे. १९३० मध्ये बँडसाठीच लिहिलेल्या 'हॅमरस्मिथ'मध्ये ही नदी आहे: वर माणसांची झुंबड, खाली तिची संथ चाल. परवाच्या रविवारी लेकीला तिथे घेऊन गेले. ओहोटी होती. कठड्याला टेकून ती काहीतरी गुणगुणत होती. कान देऊन ऐकलं, तर ते क्लॅरिनेटचं नव्हतं, ट्युबाचं होतं.