धातू नसलेला धातू

स्पॅनिशमध्ये क्रियापद चालवायची रीत सोपी आहे. प्रत्येकाच्या शेवटी 'आर', 'एर' किंवा 'इर' असतं. ते काढायचं आणि पुरुष-काळ बघून प्रत्यय लावायचा. 'आब्लार' म्हणजे बोलणे. 'आब्लो', मी बोलतो. झालं. या सुखात थोडे दिवस बरे जातात आणि मग 'इर' समोर येतं. अर्थ: जाणे. यातलं 'इर' काढलं की हातात काहीच उरत नाही. अख्खं क्रियापद म्हणजे नुसता प्रत्यय!

मग रूपं आणायची कुठून? उसनी. वर्तमानकाळ 'बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान' असा चालतो (लिहिताना व्ही, म्हणताना ब). ही रूपं लॅटिनमधल्या 'वादेरे' या भलत्याच क्रियापदाची. 'इबा', म्हणजे 'जात होतो', हे तेवढं मूळच्या 'ईरे'चं. आणि 'गेलो'साठीचं 'फुई' तर थेट 'असणे'च्या घरातून उचललेलं. त्यामुळे 'होतो' आणि 'गेलो' या दोन्हींना एकच रूप. 'फुई मेदिको' म्हणजे मी डॉक्टर होतो; 'फुई आल मेदिको' म्हणजे मी डॉक्टरकडे गेलो. मधला 'आल' कानातून निसटला की पेशंटचा डॉक्टर झालाच.

नाक मुरडण्याआधी स्वतःच्या तोंडाकडे बघावं. जातो, जाईन, जा, पण भूतकाळात? 'जाला' नाही, 'गेला'. 'जा' हा संस्कृत 'या' धातूचा वारस, 'गेला' हा 'गत'चा. आपणही दोन धातू एकाच खुंटीवर टांगले आहेत आणि शिवण कुठे आहे ते आपल्याला दिसतही नाही. सर्वात जास्त वापरातल्या क्रियापदांनाच असली ठिगळं असतात. रोज जिभेवर असल्यामुळे ती नियमात बसवायची वेळच कुणावर येत नाही. क्वचित वापरायचं क्रियापद बिचारं निमूटपणे नियम पाळतं.

म्हणून तक्ता घोकण्यापेक्षा 'बोय आ' एवढंच आधी तोंडात बसवावं, असं माझं मत. त्यापुढे कुठलंही क्रियापद न चालवता, जसंच्या तसं ठेवून द्यायचं. 'बोय आ कोमेर', मी जेवणार आहे. 'बा आ योबेर', पाऊस पडणार. सहा रूपांत सगळा नजीकचा भविष्यकाळ पदरात पडतो. 'बोय आ इर'सुद्धा चालतं, शब्दशः 'जायला जातोय', आणि कुणाला हसू येत नाही. हाक आली की 'या बोय!' म्हणायचं, शब्दशः 'आता जातो'. आपण अशा वेळी जागचे न हलता 'आलो!' म्हणून मोकळे होतो, भूतकाळात. तेव्हा तर्काच्या गोष्टी आपण न केलेल्याच बऱ्या.

आज्ञार्थात मात्र गंमत वाढते. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस' म्हणतात आणि त्याचा आज्ञार्थ करायला शेवटचा 'र' गाळून स्वरावर जोर देतात. त्या हिशेबानं 'इर'चा आज्ञार्थ नुसता 'ई' व्हायला हवा. एका स्वरात माणसाला घालवणार कसं? म्हणून तिथे 'आंदा' म्हणतात, 'आंदार' म्हणजे चालणे, त्याच्याकडून आणलेलं. उसनवारी अजून चालूच आहे.

स्पेनमध्ये चारचौघांना 'निघा' म्हणायचं तर व्याकरणाप्रमाणे 'ईदोस'. बोलताना लोक सर्रास 'ईरोस' म्हणतात. व्याकरणाची राखण करणाऱ्या रॉयल स्पॅनिश अकादमीनं 2017 मध्ये हात टेकले आणि 'ईरोस'लाही मान्यता दिली. त्यावर बराच गलका झाला. सवलत मात्र या एकाच क्रियापदाला. 'गप्प बसा'साठी 'कायाओस'च म्हणायचं. तिथे मध्ये 'र' घातला, तर ती अजूनही चूकच.