जुनागढच्या दरबारातलं विमान

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला बिकानेर तसं परकं नाही. नवरात्रात आमच्या कर्णपुऱ्यात देवीची यात्रा भरते. तो कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा आहे. मोगलांच्या चाकरीत हा राजा दख्खनेत आला आणि १६६९ मध्ये आमच्याच गावात वारला. पदमपुरा त्याच्या मुलाच्या, पदमसिंहाच्या नावाचा. या मंडळींचं मूळ गाव बघून यावं असं घरात अधूनमधून निघायचं, आणि घरच्यांना मी कारणही तेच सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जुनागढ किल्ल्यात पहिल्या महायुद्धातलं एक दुपंखी बॉम्बर विमान ठेवलेलं आहे. मला ते बघायचं होतं.

जोधपूरहून रेल्वेने निघालो. मेडता रोड, नागौर, नोखा, मग उंदरांच्या देवळाचं देशनोक. खिडकीबाहेर खेजडीची झाडं आणि वाळू, दुसरं काही नाही. बिकानेरला उतरल्यावर कोटगेटपाशी कचोरी खाल्ली आणि तडक किल्ला गाठला.

जुनागढ डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. आपल्याला किल्ला म्हटला की चढण, दम लागणं, पाण्याची टाकी हेच आठवतं. इथे रिक्षा थेट दाराशी सोडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा रायसिंहाने तो बांधला. भोवती खंदक, ३७ बुरूज. आतला अनूप महाल सोन्याच्या नक्षीने इतका भरलाय की डोळे दिपतात. ज्याच्या नावाचा हा महाल, तो अनूपसिंह करणसिंहाचा थोरला मुलगा. त्याचंही अर्धं आयुष्य दख्खनेतच गेलं. बादल महालातले निळे ढग सुंदर आहेत, फूल महालही. पण माझं लक्ष पुढे लागलेलं. गाइडच्या ते लक्षात आलं असावं. प्रत्येक झरोक्यापाशी थांबणारा तो गृहस्थ हळूहळू भराभर चालायला लागला.

विमान आहे ते महाराजा गंगासिंहांच्या काळातल्या दरबार हॉलमध्ये. कोरीव दगडी कमानी, उंच छत, आणि त्याखाली लाकूड, कापड आणि तारांचं हे प्रकरण. पंखांचा पसारा जवळजवळ १३ मीटर, लांबी नऊ मीटरच्या वर. फोटोंत ते खेळण्यासारखं दिसतं, समोर उभं राहिल्यावर तसं मुळीच वाटत नाही. वरचा पंख डोक्याच्या बराच वर जातो. दोन पंखांच्या मध्ये उभे लाकडी दांडे आणि त्यांना फुलीसारख्या ताणलेल्या तारा. एकेका तारेचा ताण बरोबर जुळवल्याशिवाय हे विमान सरळ उडायचं नाही, आणि तो जुळवणारे कारागीर वेगळे असायचे.

"दुनिया में बस दो ही बचे हैं, साहब," गाइड म्हणाला. हे खरं नाही. कॅनबेराला एक आहे, पॅरिसजवळ ल बूर्जेला एक, जोहान्सबर्गला एक, इंग्लंडमध्ये डक्सफर्डला एक. पण मी वाद घातला नाही. आपल्या गावची वस्तू दुर्मीळ असावी असं कुणाला वाटत नाही?

या विमानाचं नाव एअरको डीएच-९. डीएच म्हणजे जेफ्री डी हॅविलंड, त्याचा आराखडाकार. ते जन्माला आलं एका धसक्यातून. १३ जून १९१७ रोजी जर्मन गोथा विमानांनी भर दिवसा लंडनवर बॉम्ब टाकले. १६२ माणसं मेली, त्यात पॉप्लरच्या एका शाळेतली १८ मुलं होती. लोक खवळले. सरकारने हवाई दल जवळपास दुप्पट करायचं ठरवलं, आणि त्यातही बॉम्बर जास्त. आता इतकी विमानं आणायची कुठून? आधीचं डीएच-४ चांगलं चाललं होतं. त्याचेच पंख, तीच शेपटी ठेवून मधला भाग बदलला की कारखान्यांना सगळं नव्याने मांडायला नको. असा तो हिशोब. जुलै १९१७ मध्ये पहिलं डीएच-९ उडालंसुद्धा.

मधला बदल मात्र खरोखर शहाणपणाचा होता, आणि तो जुनागढमध्ये नुसत्या डोळ्यांनी कळतो. डीएच-४ मध्ये पुढे वैमानिक, मागे तोफची आणि दोघांच्या मधोमध पेट्रोलची टाकी. बोलायला एक नळी असायची, पण इंजिनाच्या आवाजात तिचा उपयोग शून्य. मागच्याला शत्रू दिसला तरी पुढच्याला सांगणार कसं? डीएच-९ मध्ये वैमानिकाला मागे सरकवलं आणि टाकी त्याच्या पुढे नेली. बाजूला उभं राहून दोन्ही कॉकपिट बघितले. इतके जवळ, की मागच्याने वळून हात लांबवला तर पुढच्याचा खांदा सहज सापडेल. बाकी सगळ्या आवाजात खांद्यावरची ती थाप हाच त्यांचा टेलिफोन. वैमानिकाकडे पंख्याच्या पात्यांमधून नेमकी गोळी सोडणारी विकर्स मशिनगन, मागच्याकडे गोल कड्यावर फिरणारी लुईस, आणि शिवाय साधारण २०० किलो बॉम्ब.

घात केला इंजिनाने. सहा सिलिंडरचं प्यूमा इंजिन ३०० अश्वशक्ती देईल अशा भरवशावर सगळा आराखडा बेतलेला. पण त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भाग सारखे सदोष निघत. शेवटी ते चालतं ठेवायचं तर ताकद २३० वर आणावी लागली. परिणाम असा की नवं विमान जुन्यापेक्षा कमी उंच जायचं आणि कमी पळायचं. फ्रान्समधला ब्रिटिश हवाई दलाचा प्रमुख ट्रेंचर्ड याने नोव्हेंबर १९१७ मध्येच लेखी हरकत घेतली: आत्ता आहेत त्याहून कमअस्सल विमानं घेऊन पुढच्या वर्षी दिवसा लांब पल्ल्याचे हल्ले करता येतील असं कोणाला वाटलंच कसं? पण हजारोंच्या ऑर्डरी सुटल्या होत्या. मागे फिरायचं तर महिनोन्‌महिने काहीच हातात पडलं नसतं. म्हणून हेच बनत राहिलं, एकूण चार हजारांवर.

याची किंमत कोणी मोजली, तर त्या दोन खुर्च्यांत बसणाऱ्यांनी. ९९ आणि १०४ या दोन स्क्वॉड्रननी मे ते नोव्हेंबर १९१८ या काळात शत्रूच्या हातून ५४ विमानं गमावली. आणि अपघातात ९४. पुन्हा वाचा: गोळ्यांनी जितकी गेली त्याच्या जवळपास पावणेदोन पट अपघातांत गेली. इंजिन बंद पडलं म्हणून वाटेतून परत फिरणं तर रोजचंच. थवा विरळ झाला की मागे उरलेल्यांना जर्मन लढाऊ विमानं गाठायची.

त्यापुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. युद्ध संपलं, आणि ब्रिटनच्या गोदामांत हजारो विमानं पडून राहिली. १९१९ मध्ये त्यांनी ती वसाहतींना वाटायचं ठरवलं. नाव दिलं 'इंपीरियल गिफ्ट'. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान. आपल्या वाट्याला शंभर आली, डीएच-९ आणि अ‍ॅव्हरो ५०४. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण इतिहास वाचणाऱ्याने मोजायला हवेत. ज्या विमानाबद्दल स्वतःच्या सेनापतीने तक्रार केली, ते सम्राटाची भेट म्हणून पेटीत बांधून पाठवायचं, याला दिलदारपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. अडगळ मोकळी करण्याचा तो भपकेबाज मार्ग होता. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी त्यातून नवं हवाई दल उभं राहिलं हेही खरं. आपल्याकडे तशी इच्छा राज्यकर्त्यांची नव्हती. भारतीय हवाई दल निघायला १९३२ साल उजाडलं.

त्यातली काही विमानं बिकानेरलाच का आली, याचं उत्तर त्याच हॉलमधल्या तसबिरींत आहे. गंगासिंह साम्राज्याचे लाडके. उंटांवरची त्यांची 'गंगा रिसाला' पलटण १९०० मध्ये चीनला गेली, पुढे सोमालीलँडला, आणि महायुद्धात सुवेझ कालव्यावर तुर्कांशी लढली. १९१७ मध्ये महाराज लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळात बसले. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे ज्या दोघांनी सह्या केल्या त्यातले एक ते, दुसरे भारतमंत्री माँटेग्यू. अशा माणसाला महायुद्धाची आठवण म्हणून काही द्यायला हवंच होतं. पण वाळवंटातल्या संस्थानाला बॉम्बर विमानांचं काय काम? गंगासिंहांना हवं होतं पाणी, आणि ते त्यांनी आणलंही. सतलजचा गंग कालवा १९२७ मध्ये सुरू झाला. माझ्या मते त्या दरबारात विमानाऐवजी कालव्याचा नकाशा मधोमध असायला हवा, पण पर्यटक नकाशासाठी तिकीट काढणार नाहीत.

मग विमानं गेली राजवाड्याच्या हत्तीखान्यात. वर्षानुवर्षं तिथेच. हत्तीही गेले, संस्थानही गेलं. गेल्या शतकाच्या अखेरीस गाय ब्लॅक नावाच्या एका इंग्रज विमान-दुरुस्तीकाराला त्यांचा सुगावा लागला. तो आला तेव्हा तिथे तीन डीएच-९ चे सांगाडे आणि सुटे भाग होते. लाकडाची वाळवीने वाट लावलेली, धातूचे भाग मात्र कोरड्या हवेत बरेच टिकलेले. त्यातली दोन विमानं इंग्लंडला गेली. एक डी-५६४९, लंडनच्या वेअरिंग अँड गिलो या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीने युद्धकाळात तयार केलेलं; ते आता डक्सफर्डच्या युद्धसंग्रहालयात आहे. दुसरं ई-८८९४. ते पुन्हा उडण्याजोगं करायला वर्षं लागली, आणि मे २०१९ मध्ये डक्सफर्डहून ते खरोखर उडालं. आज उडू शकणारं जगातलं हे एकुलतं एक डीएच-९, आणि ते आलं बिकानेरच्या हत्तीखान्यातून.

हे मी गाइडला सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "फिर भी असली तो यहीं है ना?" मी म्हटलं, "हां, यहीं है." काही भाग मूळचे, काही जुळवलेले, हा तपशील मी गाळला.

जाणार असाल तर एक सांगतो. गाइडबरोबरचा फेरा सोन्याच्या महालांत फार वेळ घालवतो आणि विमानापाशी येईपर्यंत सगळे दमलेले असतात. फोटो काढून बाहेर. त्यांना पुढे जाऊ द्या, तुम्ही मागे रेंगाळा. विमानाच्या नाकाकडून नको, बाजूने बघा, म्हणजे ती दोन कॉकपिट दिसतील. आणि बिकानेरच्याच लालगढ राजवाड्यात गेलात तर अनूपसिंहाने जमवलेल्या संस्कृत पोथ्यांच्या संग्रहाची चौकशी जरूर करा. त्यासाठी मात्र आधी परवानगी काढावी लागते, ऐनवेळी जमत नाही.